चार बोटं मोकळी जागा

मी एक जुना डबा आहे. मित्रांनो, डबा म्हटल्यावर तोंडाला पाणी सुटू देऊ नका. माझ्यात लाडू नाहीत की मालवणी खाजं नाही. माझ्या पोटात कोळसा आहे, नारळाच्या करवंटीचा. मोटारीच्या पोटाखाली, पेट्रोलच्या टाकीशेजारी मला बसवतात. आज मात्र मी मोटारीत नाही. मालवणच्या एका आवारात, माडाच्या आळ्यात, नारळाच्या सोडणांच्या आणि करवंट्यांच्या ढिगाजवळ मी आडवा पडलो आहे.

तुम्ही माझं नावही ऐकलं नसेल. त्याचं मला वाईट वाटत नाही. कारखान्यात मला गाडीला जोडणाऱ्या माणसानंही माझ्याकडे नीट पाहिलं नव्हतं. पण माझं काम मोठं होतं. टाकीतलं पेट्रोल उन्हानं तापलं की त्याची वाफ होते. ती बाहेर सुटली तर हवा नासते. म्हणून ती नळीनं माझ्याकडे येई. मी ती कोळशात धरून ठेवी आणि इंजिन चालू झालं, की एका छोट्या व्हॉल्व्हमधून थोडी थोडी त्याच्या हवाली करी. वाफ मला कितीही चाले. पेट्रोल मात्र थेंबभरही झेपत नाही. एवढं एकच पथ्य होतं माझं.

आमची गाडी ह्युबर्ट अंकलनी घेतली. तीस वर्षं त्यांनी बोटीवर इंजिनं सांभाळली होती. गाडीला दुसऱ्याचा पाना लागलेला त्यांना खपत नसे. त्यांची बायको एस्पेरांसा आंटी. पहिली पाच वर्षं आमची सुखात गेली. मासळीबाजार, रविवारी चर्चमधलं मिस, कधी धामापूरच्या तळ्यावर फेरी. मग आंटीची मूत्रपिंडं निकामी झाली. दर सोमवारी आणि गुरुवारी तिला गोव्याच्या इस्पितळात डायलिसिसला न्यावं लागे. त्या दिवसापासून आमची गाडी म्हणजे तिचा श्वास होता. हे अंकलना ठाऊक होतं आणि मलाही.

आणि तिथूनच माझे हाल सुरू झाले.

गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त. आपल्याकडचा माणूस हद्द ओलांडून गेला आणि टाकी न भरता परत आला, तर घरचे त्याला वेड्यात काढतात. अंकलही परतताना भरून घेत. पंपाची नळी टक्‌ करून आपोआप थांबली, की पंपावरचा माणूस म्हणे, "पुरो बाब, भरली."

"अजून जागा आसा रे! गळ्यापर्यंत घाल."

मग ते खाली उतरून दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवत. आतली हवा निघून जाई आणि आणखी पेट्रोल मावे. मित्रांनो, टाकीत वरची जागा रिकामी ठेवतात ती माझ्यासाठी असते. तीच भरून टाकल्यावर पेट्रोल नळीतून थेट माझ्या अंगावर यायचं. मी बुडायचो. माझा कोळसा भिजून फुगायचा आणि त्याचे दाणे सुटायचे.

याच माणसाच्या हातात घरी आंटीचं पाणी मोजायचा पेला असे. डॉक्टरांनी घोट ठरवून दिले होते. शरीरातून पाणी बाहेर पडत नाही, जास्त झालं तर छातीत साठेल, असं बजावलं होतं. अंकल एक घोट जास्त होऊ देत नसत. आणि मला? मला गळ्यापर्यंत! मी रागावलो होतो, खोटं कशाला बोलू?

एक दिवस गाडीत इंजिनाची पिवळी बत्ती लागली. अंकलचा मुलगा रॉयडन बहरीनला असतो. त्यानं काडेपेटीएवढा स्कॅनर पाठवला. स्टिअरिंगखाली तो खुपसला की गाडीचं दुखणं मोबाईलवर दिसतं. अंकल हरखले. बोटीवर ठेवत तशी त्यांनी एक वही केली आणि पहिल्या पानावर लिहिलं, "पी ०४४१". म्हणजे वाफेच्या वाटेवर काहीतरी गडबड आहे. स्कॅनर खरंच बोलला होता. पण गडबड कुठं दिसते एवढंच त्याला कळे. ती कुणामुळे होते, ते त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

अंकलनी व्हिडिओ पाहून आधी टाकीचं झाकण बदललं. मग मोबाईलवर बोट ठेवून कोड पुसला. बत्ती विझली. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून त्यांनी हाक दिली, "एस्पेरांस, बत्ती गेली गो!"

आतून आवाज आला, "बरां झालां! ये, च्या घे."

दहा दिवसांनी बत्ती पुन्हा लागली. पुन्हा कोड, पुन्हा पुसणं, पुन्हा हाक आणि पुन्हा चहा. वहीत ओळींखाली ओळी वाढत गेल्या. प्रत्येक ओळीपुढे एकच शेरा होता, "बत्ती विझवली".

एकदा घरी येताना आंटी म्हणाली, "ह्युबर्ट, पेट्रोलाचो वास येता रे. माका मळमळता."

"पंपावरचो वास तो. कपड्यांक लागलो आसतलो. मशीन काय सांगणा नाय तसा."

वास माझा होता. मी पेट्रोलानं निथळत होतो.

पुढं त्यांनी माझ्यासमोरचा व्हॉल्व्ह काढला. त्याच्या तोंडात काळे दाणे अडकले होते. अंकलनी ते तळहातावर झाडले. पायरीवर बसून आंटी माशाची खवलं काढत होती. तिनं मान वाकडी करून पाहिलं.

"कोळसो दिसता रे."

"गाडयेत कोळसो खंयसून येतलो गो? हायवेची धूळ ती." अंकल हसले. आंटीही हसली.

कोळसाच होता तो! माझ्या पोटातला! घसा फुटेपर्यंत ओरडावंसं वाटलं, पण डब्याला घसा कुठला? अंकलनी दाणे फुंकून टाकले आणि नवा व्हॉल्व्ह बसवला. सोमवारी गोव्यात टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरली. माझे दाणे पुन्हा सुटले आणि नव्या व्हॉल्व्हच्या तोंडात जाऊन बसले. तो उघडला तो उघडाच राहिला.

गुरुवारी दुपारी बाराला आंटीची डायलिसिसची वेळ होती. ऊन मी म्हणत होतं. बांद्याच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं. गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. इंजिनात माझ्याकडून नको तेवढं पेट्रोल जात होतं. इंजिन गुदमरलं आणि बंद पडलं. पिवळी बत्ती लागली.

अंकलनी स्कॅनर खुपसला. तोच कोड. त्यांनी तो पुसला. बत्ती विझली. किल्ली फिरवली, पण इंजिन उठेना. पुन्हा बत्ती, पुन्हा पुसणं. मित्रांनो, त्या दिवशी बत्ती प्रत्येक वेळी विझली, पण गाडी एकदाही चालू झाली नाही.

"कोणाक तरी हात कर रे," आंटी म्हणाली. तिचे पाय सुजले होते.

"दोन मिनटां गो. आता गावता माका."

दोन मिनिटांचे दोन तास झाले. तोवर बॅटरीही उतरली. इस्पितळातून फोनवर सांगितलं, आजची वेळ गेली, उद्या सकाळी पहिला नंबर देऊ. एका टेम्पोनं आम्हाला ओढत घरी आणलं. "उद्या सकाळीच जावया," आंटी म्हणाली. उलट तीच अंकलची समजूत काढत होती.

सकाळ उजाडायच्या सुमारास तिला धाप लागली. मी अंगणातच होतो, पण माझा काही उपयोग नव्हता. शेजाऱ्यांच्या रिक्षातून तिला नेलं. दुपारी रुग्णवाहिका आवारात शिरली, भोंगा न वाजवता.

आंटीच्या महिन्याचं मिस झाल्यावर रॉयडननं बोलावलं म्हणून कुडाळहून सिद्धेश मेकॅनिक आला. त्यानं स्कॅनरला हात लावला नाही. आधी वास घेतला, मग गाडीखाली सरकून मला बाहेर काढलं आणि उलटं धरलं. माझ्यातून पेट्रोलची धार लागली, मागोमाग काळे दाणे.

"अंकल, तुमी टाकी गळ्यापर्यंत भरतास काय? ह्यात नुसती वाफ जावची. पेट्रोलान हेचो जीव घेतलो."

अंकलनी दाणे हातात घेतले.

"तिना सांगितलेलां माका," ते म्हणाले. "वास येता म्हणान. कोळसो आसा म्हणान."

सिद्धेशनं नवा डबा आणि नवा व्हॉल्व्ह बसवला, उतरलेली बॅटरी चार्ज केली. गाडी पहिल्या किल्लीला उठली. अंकलनी सवयीनं स्कॅनर लावून पाहिला. एकही कोड नव्हता. वर्षभर ज्याच्या मागे ते लागले होते, ते अखेर झालं होतं. त्यांचं तोंड आपसूक खिडकीकडे वळलं.

"एस्पेरांस, बत्ती गेली गो!"

सिद्धेश खाली मान घालून आपली हत्यारं गोळा करू लागला. आतून कुणी चहाला बोलावलं नाही.

आता मी या आळ्यात पडलो आहे. माझ्यावर माडाची सावली पडते. करवंटीपासून झालो आणि करवंट्यांतच येऊन पडलो. मला कुणी दुरुस्त करणार नाही आणि मला तशी आशाही नाही. अंकल गाडी चालवत नाहीत. संध्याकाळी पायरीवर वही घेऊन बसतात आणि पानं उलटतात.

मित्रांनो, तुमच्याकडे मागणं एवढंच. टाकीत चार बोटं जागा मोकळी ठेवा. बत्ती लागली तर ती विझवायची घाई करू नका, ती का लागली ते शोधा. यंत्राला जरूर विचारा. पण शेजारी बसलेलं माणूस वास येतो म्हणालं, तर तिथंच गाडी थांबवा आणि खाली उतरून बघा.