जूनमधला कूलर

मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर गेलता, तवा आमच्या ह्याईले काही झालं नाई. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस, उन्हाले काय भिणार! आणि जूनमध्ये, पारा एकोणचाळीस असताना, प्रेमदास कंडक्टर माझ्या डोळ्यापुढं हातचे गेले. थंड केलेल्या खोलीत. मीच केलेल्या.

पिपरीच्या आमच्या मोहल्ल्यात माझ्या खोलीचं नाव होतं. कूलरले दरवर्षी नवा वाळा, खिडक्यांले ओली पोती, फरशीवर बादलीभर पाणी, दारं घट्ट बंद. दुपारी बाया येऊन पडायच्या. मले त्याचा गर्व होता, खोटं काऊन बोलू?

२००२ची गोष्ट. आठ दिवसांपासून आभाळ भरून, वारा बंद, नुसती उमस. ह्याईले दोन दिवसांपासून कसर होती, बारीक ताप. बाराले लाइन गेली, कूलर बंद पडला. मले वाटलं, खिडकी उघडली त सकाळपासून जमवलेला थंडावा निघून जाईन. मी आणखी दोन बादल्या ओतल्या, पोती पुन्हा भिजवली.

"कमल, घाम वाळूनच नाई राह्यला वं," हे म्हणाले.

"चांगलंच हाय की. घाम आला का ताप उतरते."

तेवढ्यात शेजारच्या हिरालालभाऊची मयुरी पेपर परत द्यायले आली. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाले होती. दारातच थबकली.

"काकू, इथं त वाफ कोंडली! खिडक्या उघडा, पोती काढा. काकाले बाहेर निंबाखाली घेऊ, पुठ्ठ्यानं वारा घालू. हवाच ओली असली त घाम उडत नाई, आंग थंड होत नाई."

माझं डोस्कं सणकलं.

"काल कॉलेजात गेली आन् आज मले शिकवतं? पारा सत्तेचाळीस होता तवा तुझी माय माझ्याच खोलीत येऊन झोपे! जाय घरी."

पोरगी गेली. मी दार लावून कडी घातली.

दोनच्या सुमारास हे बरळायले लागले. हिंगणघाट आलं म्हणत खाटेवरून उतरू पाहत होते. हात लावला त आंग तव्यासारखं. तवा मी मयुरीच्या नावानं बोंबलत बाहेर धावली. ती धावत आली. तिनं खिडक्या उघडल्या, पोती फेकली, ऑटो आणला. दवाखान्यात पोचलो, पण उशीर झालता. डॉक्टर म्हणाले, उष्माघात.

घरी माणसं जमली. कोणाले पटेच ना. थंड खोलीत कसा उष्माघात? बाया माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणत, "कमलाबाई, तुम्ही जिवापाड केलं. खोली कशी गारेगार ठेवली. माणसानं आणखी काय करावं?"

मयुरी माझ्या बाजूलेच बसली होती. मी तिच्याकडं पाह्यलं. आता बोलते, आता बोलते, असं वाटलं. तिनं मान खाली घातली. आणि मी पदरानं डोळे पुसत म्हणलं, "हो बाई, माझ्याकडून काही कमी नाई पडलं."

सात वर्षं झाली. मयुरी लगन होऊन केळझरले गेली, दिवाळीले येते, माझ्या पाया पडते. दरवर्षी ठरवते की यंदा म्हणीन, पोरी, तू खरं बोलली होती आन् मी खोटं. आणि दरवर्षी चहा ठेवते.