काचेच्या कपाटातलं इंजेक्शन

आतड्याच्या ऑपरेशनआधी द्यायचं अँटिबायोटिक औषधांच्या खोलीत नव्हतं. सगळा साठा खाली सभागृहात, काचेच्या कपाटात, कुलपात होता. जंतुसंसर्ग प्रतिबंध सप्ताहाचं प्रदर्शन होतं, आणि रिकाम्या बाटल्या मांडणं अधीक्षकांना अप्रामाणिकपणाचं वाटलं होतं.

हे ऐकून भूलतज्ज्ञ बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलावर अधीक्षकांच्याच सासूबाई होत्या, टक्क जाग्या. आतड्यातली गाठ काढायची होती. आतडं कापलं की आतले जंतू बाहेर येणार, त्याआधी औषध रक्तात हजर हवं. प्रदर्शनातल्या पहिल्या फलकावर हेच लिहिलं होतं. फलक सुबक होता.

सर्जन हात धुऊन तयार होते. म्हणाले, टाके घालताना देऊ, काय बिघडतं.

"वरातीमागून घोडं नेणार?" बाई म्हणाल्या. "औषध गेल्याशिवाय मी भूल देत नाही. जाग्या बाईवर सुरी चालवायची असेल तर चालवा."

"माझी हरकत आहे," सासूबाई म्हणाल्या.

किल्ली अधीक्षकांच्या खिशात आणि अधीक्षक माईकसमोर. नर्स जाऊन रिकाम्या हाताने परतली. भाषण झाल्यावर बघू, असा निरोप होता. सासूबाईंनी सांगितलं, माझ्या मुलीच्या लग्नात जावईबापू आभार मानायला उभे राहिले आणि सगळ्यांचं जेवण गार झालं.

बाईंनी दात-ओठ खात सासूबाईंना ट्रॉलीवर घेतलं आणि ट्रॉली लिफ्टमध्ये घातली. मागोमाग सर्जन, धुतलेले हात वर धरून, शरण आल्यासारखे.

ट्रॉली थेट व्यासपीठाला जाऊन धडकली. प्रात्यक्षिक समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. अधीक्षकांनीही वाजवल्या, मग सासू ओळखू आली.

"जावईबापू, किल्ली."

अधीक्षक कुजबुजले की उद्घाटन राहिलंय, पाहुणे बसलेत, आई, जरा दम धरा.

"माझ्या शोकसभेतही तुम्हीच बोलणार," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर जगायचंय मला."

किल्ली निघाली. बाईंनी बाटली उचलली. निदान खोकं तरी ठेवा, असं पाहुणे म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी खोकंही हातात आणून दिलं.

वर येऊन औषध शिरेतून गेलं. सर्जननी पुन्हा हात धुतले. बाईंचा राग काही उतरला नव्हता. सुरुवात करू का, असं विचारायची सर्जनची छाती होईना.

"खाली काय चाललंय?" सासूबाईंनी विचारलं.

नर्स म्हणाली, भाषण पुन्हा सुरू झालंय. पहिल्यापासून.

"मग द्या भूल."