सासूबाईंच्या तोंडाची देवी

तनाग्रा गावात एक होता कुंभार, काफिसियस. एक त्याची बायको, मेलिता. आणि दोघांना पुरून उरणारी मेलिताची आई, निकारेता. मी त्याच घरातली भाजल्या मातीची बाई बोलतेय. पाठीला हवेसाठी भोक ठेवलंय, त्यातून बोलते. वाकून बघू नका.

आमचं धड साच्यातून निघतं, डोकं वेगळं घडवून चिकटवतात. माझं डोकं घडत होतं तेव्हा निकारेता समोरच बसलेली. "जावईबापू, माती पातळ झाली. जावईबापू, अंगठा केवढा जाड तुमचा!" समोर जे तोंड चालू होतं तेच त्याच्या बोटांखाली उतरलं. मानेखाली मी विशीतली नाचरी, मानेवर सत्तरीची निकारेता.

या बाईला धीर म्हणून नव्हता. भट्टी निवायच्या आत दार फोडून बघायची. गार वारा शिरला की आतल्या बाया तडातड तडकायच्या. तीन भट्ट्या अशा गेल्या. तिसरीतून धड निघाले मी एकटी. आता एकाच भट्टीची माती उरली होती. तीही गेली तर काफिसियस दुसऱ्याच्या कौलांचा चिखल तुडवणार.

भट्टीतली पहिली बाई देमेतर देवीची, म्हणून मला देवळात नेलं. मिरवायला निकारेता पुढं, मागं मेलिता नि काफिसियस. पुजारीणबाईंनी मला फळीवर ठेवलं, माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"अगं बाई, ही तर तूच!"

"माझं नाक एवढं कुठंय?"

"तेवढंच आहे, आई," मेलिता म्हणाली.

"मग झालं तर," पुजारीणबाई म्हणाल्या. "देवीला वाहिलेलं परत घरी जात नाही. निकारेता, तू वाहिली गेलीस."

"आणि भट्टी कोण बघणार?"

काफिसियसनं डोळे पुसले. कोरडेच होते. "सासूबाई, देवीपुढं आपलं काय चालतंय?"

"इथं दोन वेळा मधाच्या पोळ्या," पुजारीणबाई म्हणाल्या, "आणि रोज चाळीस बाया येतात. त्यांना कुणीतरी बोलायला हवंच."

"पोळ्या ताज्या?"

"गरम."

"मग थांबलात का? निघा तुम्ही!"

चौथी भट्टी चार दिवस निवत पडली. उघडली, तर एकीलाही चीर नाही. पण गिऱ्हाइकं त्यांच्याकडं बघेनात. दारात रांग लागली ती गावातल्या जावयांची. प्रत्येकाला आपापल्या सासूचं तोंड हवं होतं.

काफिसियसच्या घरावर माडी चढली. देवळात आता सत्तावीस सासवा आहेत, पोळ्या पुरत नाहीत. निकारेता मात्र फळीखालून मला अजून विचारते, "अगं, भट्टी निवली का गं?"

मी पाठीच्या भोकातून सांगते, "अजून गरमच आहे, निकारेताबाई."

तेव्हापासून त्या घरात एकही बाई तडकलेली नाही.