आर्डिसचे उघडे टॅब

"वेंडेल, पुन्हा गोगलगाय झाली रे!" कराच्या खिडकीवरून गॅरी ओरडला. "समोर ही रांग, आणि माझ्या पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय. लोकांना काय नाचून दाखवू?"

"नाच की. तेवढीच ढेरी हलेल," वेंडेल कोस्केला म्हणाला आणि जिना उतरून तळघरात पळाला.

काउंटीच्या कचेरीतले जुने कॉम्प्युटर काढून प्रत्येकाच्या टेबलावर एकेक डबी बसवली, त्याला दोन हिवाळे झाले होते. डबीत तसा काही दम नव्हता. पडदा, कीबोर्ड, माउस तिला जोडायचे, एवढंच. खरं काम तळघरातला एकटा सर्व्हर करी. म्हणजे सगळ्या कचेरीचा स्वयंपाक एकाच चुलीवर. कोणी इंटरनेटवर हॉकीची मॅच लावली की दुसऱ्या कोणाचे जमिनीचे नकाशे उघडेनासे होत, आणि शिव्या मात्र वेंडेलला बसत. त्याने व्हिडिओ बंद केले, खरेदीच्या साइट बंद केल्या, रानात हरणांवर लावलेले गॅरीचे कॅमेरे तर भांडून बंद केले. तरी गेला महिनाभर सर्व्हर रोज दुपारी धापा टाकत होता आणि का, ते काही केल्या उमगत नव्हतं.

त्यात कचेरीच्या मुख्य बाई ट्रूडी बुशार्ड. तिने त्याला सकाळी दारातच गाठलं होतं. बुटांवरचा बर्फही झटकू दिला नव्हता.

"मला नाव हवंय, वेंडेल. शुक्रवारी बोर्डाची बैठक आहे आणि त्यांना एक माणूस कमी करायचाच आहे. कामाच्या वेळात इंटरनेटवर कोण हुंदडतंय ते सांग. निदान चुकीच्या माणसाचा बळी जाणार नाही."

कोणाचा ब्राउझर किती खातोय, ते तळघरात बसून दिसत असे. वेंडेलला वाटलं होतं, गॅरी असणार. गॅरी नव्हता. सगळ्यात वर नाव होतं आर्डिस लाहती.

त्याने डोळे चोळले आणि पुन्हा पाहिलं. आर्डिस? खरेदीखतांच्या खिडकीवर उभा जन्म काढलेल्या आर्डिस? त्या त्याच्या आईच्या मैत्रीण; चर्चमधल्या पोरांच्या वर्गात त्यांनीच त्याचे कान पिळलेले. वसंतात त्या निवृत्त व्हायच्या होत्या आणि तोवर टिकल्या तरच पेन्शन पुरी मिळणार होती. इंटरनेटवर हुंदडायला त्यांना वेळ तरी कुठे होता?

त्याने खालूनच त्यांचा पडदा उघडून पाहिला. तसा अधिकार त्याला होता, पण वापरताना चोरासारखं वाटे. वरच्या पट्टीत टॅब इतके खेचाखेच भरले होते की एकाचंही नाव वाचता येईना. त्याने एकेक पाहायला सुरुवात केली. आजची तारीख. पुढच्या टॅबवर पुन्हा आजची तारीख. मग खरेदीखताची नोंद कशी करावी, हे कचेरीचं पान. ते पान तर आर्डिसनीच एके काळी लिहून दिलं होतं! तेही कितीदा उघडलेलं. आणि मग नकाशा. कचेरीच्या दारापासून टेकडीमागच्या एका पिवळ्या घरापर्यंतचा रस्ता. ते घर वेंडेलच्या चांगलं ओळखीचं होतं. आर्डिसचंच घर होतं ते.

कोणा पाहुण्याला पत्ता सांगायचा असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पण तोच नकाशा इतक्या वेळा? त्याचं डोकं चालेना. तो वर गेला.

"आर्डिस, एवढे टॅब कशाला उघडे ठेवता हो?"

"तुझ्या डबीला जड होतात का?" त्या हसल्या. "असू दे रे. समोर असलेलं बरं असतं. एकदा बंद झालं की गेलं."

त्यांनी दिलेलं बिस्किट खात तो परत खाली आला.

ट्रूडीला त्याने सांगितलं, "कोणा एकाचं नाही, सगळ्यांचंच आहे." आणि ते खरं ठरवायला त्याने सगळ्या कचेरीला एकच नियम लावला: अर्धा तास कोणी हात लावला नाही, तर तो टॅब आपोआप बंद. कोणाचं नाव नाही, कोणाला बोल नाही. संध्याकाळी सर्व्हर वाऱ्यासारखा पळायला लागला. गॅरीने चक्क कॉफी पाजली. आपण आर्डिसना वाचवलं, या आनंदात वेंडेल त्या दिवशी शीळ घालत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरेदीखतांच्या खिडकीपाशी एक लाकूडतोड्या कागद हातात धरून उभा होता. आर्डिस कोऱ्या पडद्याकडे बघत होत्या.

"जरा थांबा हं, आत्ता बघते," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाल्या.

वेंडेल जवळून जात होता. त्यांनी त्याची बाही धरली. "वेंडेल, माझं सगळं गेलं रे," त्या हळूच म्हणाल्या. "मी केलं का हे?"

तेव्हा कुठे वेंडेलला कळलं. ते टॅब म्हणजे काय होतं ते कळलं, आणि आपण काय बंद केलं तेही.

"नाही, आर्डिस. मी केलं."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तू होय! मेल्या, आधी सांगायचं नाही का? मला वाटलं, मीच…" आणि त्या मोकळेपणी हसल्या.

तो धावत खाली गेला. नियम काढून टाकला. पण गेलेले टॅब कुठून आणणार? कोणी काय काय उघडलं त्याची खूणसुद्धा सर्व्हर रोज रात्री पुसून टाकी, आणि ती सोयही त्यानेच केलेली. हात हलवत तो वर आला, तर रांग का तुंबली ते बघायला ट्रूडी येऊन उभी.

आर्डिसनी त्याची बाही धरली. "वेंडेल, माझं सगळं गेलं रे. मी केलं का हे?"

आवाजही तोच. ट्रूडीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग वेंडेलकडे. काय बोलावं? बोललं तर नाव सांगितल्यासारखं, आणि गप्प बसलं तर त्या माउलीने काय समजायचं?

"नाही, आर्डिस. मीच केलं," तो म्हणाला.

"तू होय! मेल्या, आधी सांगायचं नाही का?" त्या पुन्हा तशाच हसल्या.

ट्रूडीने लाकूडतोड्याच्या हातातले कागद स्वतः घेतले. "कधीपासून हे?" तिने वेंडेलला हलक्या आवाजात विचारलं.

"माहीत नाही. मला खरंच काही कळत नाहीये, ट्रूडी."

"वसंतापर्यंत रजेवर दाखवता येतं का, ते बघते मी. बोर्ड ऐकेल न ऐकेल." तिने नाक शिंकरलं आणि आवाज मोठा केला. "आर्डिस, आज दुपारी माझ्याबरोबर जेवायला चला. मी नेते."

कचेरीतल्या माना वर झाल्या. ट्रूडी माणसाला जेवायला नेई ती एकदाच, त्याच्या शेवटच्या दिवशी. हे आर्डिसनाही पक्कं माहीत होतं. त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"अगं बाई, आज? कोण चाललंय सोडून?"

गॅरी खाली मान घालून कागद चाळत राहिला.

"आणि मला कोणी सांगितलंही नाही! निरोपाचं कार्ड कुठाय? माझी सही राहिलीय त्याच्यावर. आणा इकडे. वेंडेल, पेन दे बघू."

वेंडेलने खिशातलं पेन काढून त्यांच्या हातात दिलं. टोपण काढून, टेबलावर कार्डापुरती जागा करून त्या वाट बघत बसल्या.