वेगळा कप

तिने थर्मामीटर पाण्यातून काढला, दिव्यापाशी धरून पाहिला आणि पुन्हा बुडवला. या भांड्यातलं पाणी शेजारच्या भांड्यापेक्षा चार अंशांनी गरम होतं. बोटांना कळेल न कळेल, पण ओठांना नक्की कळेल, असा तिचा हिशेब होता. बिघडलेल्या दुधाचे कप तिने एकेक करून त्या गरम पाण्यात उभे केले आणि दाराकडे पाहिलं. दार बंदच होतं.

दूध भुकटीच्या कारखान्यातली ही चाखायची खोली. भुकटीचा प्रत्येक लॉट बाहेर पडण्याआधी पाण्यात कालवून इथे चाखला जाई. चाखणाऱ्यांचीही सहा महिन्यांनी परीक्षा व्हायची. एका ताटलीत तीन कप. दोन चांगल्या दुधाचे, एक उन्हात ठेवून मुद्दाम बिघडवलेल्या दुधाचा. वेगळा कोणता ते ओळखायचं. अशा बारा फेऱ्या, आणि त्यातल्या आठ बरोबर आल्या की पास. ही परीक्षा घ्यायचं काम तिचं. विज्ञानाची पदवी घेऊन ती थेट इथे आली होती, आणि चहात साखर जास्त झाली तर किती टक्क्यांनी तेही सांगायची; म्हणून सगळे तिला प्रोफेसर म्हणत.

हे नाव दिलं होतं जीभताईंनी. त्यांना स्वतःला जीभताई हे नाव कोणी दिलं ते कोणालाच आठवत नव्हतं, इतकी वर्षं त्या इथे चाखत होत्या. कुठल्या गोठ्यात गायीचं पोट बिघडलं तरी ताईंचं तोंड इथे वाकडं होतं, असं टँकरवाले म्हणायचे. प्रोफेसर नवी असताना वास ओळखायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. शिव्या देत, पण शिकवलं होतं.

मध्यंतरी ताईंना ताप आला. कामावर परतल्यानंतर एके दुपारी शेगडीवर दूध करपायला लागलं, आणि ताई हातभर अंतरावर उभ्या राहून प्रोफेसरला धाकट्या जावेचे किस्से सांगत राहिल्या. तिनेच धावत जाऊन शेगडी बंद केली. ताई भांड्याच्या काळ्या बुडाकडे नुसत्या बघत होत्या. दोघी त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून ताईंनी पास केलेला प्रत्येक लॉट ती गुपचूप पुन्हा चाखत असे.

नापास झालेल्याला पॅकिंगला पाठवत. तिथे दिवसभर उभं राहायचं. ताईंचे गुडघे जिन्याच्या चार पायऱ्यांत कुरकुरत. नवऱ्याचं दुकान बसलेलं, निवृत्तीला अजून दोन वर्षं.

आज सकाळीच सगळ्यांना हॉलमध्ये बसवून एका पाहुण्या बाईंनी कामाच्या ठिकाणचे निकोप संबंध या विषयावर तासभर सांगितलं होतं. सहकाऱ्याची अडचण दिसली की मोकळेपणाने बोला, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. ताई प्रोफेसरच्या कानाशी लागून म्हणाल्या होत्या, "मोकळं बोलून बोलूनच माझ्या दोन्ही जावा दुरावल्या."

आता पलीकडे, चाखणाऱ्याने बसायच्या अरुंद खणात, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मधल्या भिंतीत ताटली जाईल एवढीच खिडकी होती. पलीकडे लाल दिवा, दुधाचा रंग दिसू नये म्हणून. या बाजूने ताईंचे फक्त हात दिसत.

"सुरू करू या, ताई?"

"कर बाई. आमच्या जिभेला हाड नाही, पण पगार आहे."

पहिली ताटली तिने आत सरकवली. उबदार कप डावीकडे होता. हातांनी एकेक कप उचलला, खाली ठेवला. मग ताईंनी निवडलेल्या कपावरचा आकडा चिठ्ठीवर लिहून ती ताटलीबरोबर बाहेर ढकलली. मधला.

दुसऱ्या फेरीत उबदार कप मध्ये होता. चिठ्ठीवर उजवा. तिसरीही चुकली.

चार अंश कमी पडले असतील. तिने शेगडी मोठी केली.

"ताई, घाई करू नका. ओठांना लावून बघा नीट."

"तुला चाखायला कोणी शिकवलं गं?"

"तुम्हीच."

"मग?"

सहाव्या ताटलीत तर वेगळ्या कपातून वाफ निघत होती. तो ओळखायला नाक लागत नव्हतं, जीभही लागत नव्हती. ताईंचा अंगठा त्या कपाला टेकला आणि तिथेच थांबला. अंगठा कपाच्या काठावरून हळूच एकदा फिरला, जसं एखाद्या पोराचं कपाळ चाचपावं. मग हात पुढे गेला. शेजारच्या कपाचा आकडा चिठ्ठीवर उमटला.

"ताई..."

"लिहिलंय मी. शाईने."

"अहो, पण एकदा पुन्हा..."

"ही भुकटी लेकरं पितात गं. पुढची ताटली दे."

उरलेल्या ताटल्या तिने एकामागून एक आत सरकवल्या. प्रत्येक वेळी अंगठा तीनही कपांना टेकायचा, एका ठिकाणी थोडा रेंगाळायचा, आणि चिठ्ठीवर दुसराच आकडा यायचा. शेगडी बंद करायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही.

शेवटची चिठ्ठी बाहेर आली तेव्हा साहेब दारात उभे होते. त्यांनी चिठ्ठ्या उचलल्या, उत्तरांच्या कागदाशी ताडून पाहिल्या आणि परत एकदा पाहिल्या. तोवर ताई भिंतीला धरत खणातून बाहेर आल्या होत्या.

"एकही नाही?" साहेब हसले. "अहो बाई, डोळे मिटून ठोकले असते तरी बारात तीन-चार लागले असते!"

प्रोफेसरने मान वर केली. साहेब बोलले ते अगदी खरं होतं. बाराच्या बारा चुकणं नशिबाने शंभरात एकदाही घडत नाही. बारा वेळा चुकायला बरोबर उत्तर बारा वेळा माहीत असावं लागतं. हे सिद्ध करणं तिला सहज जमलं असतं. फक्त त्यासाठी शेगडीवरच्या भांड्याबद्दल बोलावं लागलं असतं. तिचे ओठ हलले.

"नशीबच फुटकं, साहेब," ताई तिच्याआधी म्हणाल्या. "अंदाज म्हणून माझा कधी लागला नाही."

साहेबांनी निकालाचा कागद तिच्यापुढे सरकवला. ताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या, सही होईपर्यंत हलल्या नाहीत. साहेब कागद घेऊन गेले.

"आता लॉट कोण चाखणार?" ताईंनी विचारलं.

"सध्या मी एकटीच."

ताईंनी खुंटीवरचा आपला कोट काढला, घडी केली, आणि ती नीट आली नाही म्हणून उलगडून पुन्हा केली. प्रोफेसर दाराशी जाऊन दार धरून उभी राहिली.

"उद्यापासून कच्चा कांदा बंद," तिच्या जवळून जाताना ताई म्हणाल्या. "आणि सर्दी झाली तर त्याच दिवशी सांग. लपवू नकोस."