चहावरच्या वाट्या

मी एक जुनी पिशवी आहे, मित्रांनो. पिशवी म्हटल्यावर ज्यानं नाक मुरडलं, त्यानं आधी आपल्या स्वयंपाकघरात जाऊन बघावं, बटाटे पायांनी चालत आले का. साडीच्या दुकानात फुकट मिळते आणि दोन धुण्यांत चिंधी होते, तसली मी नव्हे. माझं कापड होल्डॉलचं. पूर्वी लांबच्या प्रवासाला जाताना लोक गादी, चादर, उशी एका जाडजूड कापडात गुंडाळून पट्ट्यांनी आवळून घेत, तो होल्डॉल. अण्णासाहेबांना केंद्र सरकारात नोकरी लागली आणि पुण्याहून दिल्लीला बिऱ्हाड आलं, तेव्हा मी त्यांच्या डोक्याखाली होते. सगळा रस्ता धडधडत आले. तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही.

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होल्डॉल माळ्यावर गेला. आज बदली होईल, उद्या होईल म्हणून कुणी त्याला हात लावला नाही. बदली झाली नाही, उंदरांचं मात्र फावलं. एक कोपरा कुरतडलेला दिसला तसा अण्णासाहेब म्हणाले, टाकून द्या. टाकून देणं हा शब्द त्यांच्या बायकोच्या, प्रमोदिनीबाईंच्या, कानाला मानवत नसे. त्यांनी कात्री आणली, उंदरानं खाल्लेलं कापून काढलं, उरलेल्याला हातमशीनवर दुहेरी शिवण मारली आणि होल्डॉलच्याच पट्ट्यांचे दोन बंद लावले. आत अण्णासाहेबांच्या जुन्या पँटचा एक खिसा जोडला. मशीनवरून मला उचलताना त्या म्हणाल्या, हा खिसा पैशांचा नाही, फुकटाचा आहे.

हसू नका. फुकट मिळवायला अक्कल लागते. दिल्लीचा भाजीवाला भाजीवर कोथिंबीर-मिरची फुकट देतो, पण कुणाला? जी मागत नाही तिला विसरतो, आणि जी आधीच मागते तिच्या भाजीच्या भावात धरून घेतो. बाई आधी भाव करीत, वजन करवीत, भाजी माझ्यात पडू देत आणि मग तोंड न हलवता माझा आतला खिसा उघडून धरीत. भाजीवाला मुकाट्यानं त्यात मूठ सोडी. कढीपत्ता त्यांनी दिल्लीत कधी विकत घेतला नाही. मागच्या ब्लॉकच्या मैदानात झाड होतं, त्याला इथले लोक मीठा नीम म्हणतात आणि त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. आठवडी बाजारात दिवेलागणीनंतर जावं, कारण विकणाऱ्याला घरी जायची घाई असते. लग्नसराईत मटार घेऊ नयेत. हे सगळं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शाळा त्यांनी चौथीतच सोडली होती.

हळूहळू ब्लॉकमधल्या मराठी बायकांना कळलं की प्रमोदिनीबाईंकडे डाळ स्वस्त पडते. वरच्या मजल्यावरच्या चंद्रप्रभाबाई आल्या, मग समोरच्या कुमुदताई, मग बाकीच्या. सगळ्यांनी मिळून ठरवलं की महिन्याचा चहा, डाळी आणि मसाला जुन्या दिल्लीतून, खारी बावलीच्या घाऊक दुकानातून एकदम आणायचा. आणणार कोण, हा प्रश्नच नव्हता. बाई निघत, मला काखेत मारीत, बसच्या दांड्याला लोंबकळत जात आणि येताना मी अशी फुगलेली असे की कंडक्टर माझं तिकीट मागे. दुकानदार लाला मला ओळखत असे. माताजींचा झोला आला म्हटलं की तो बाकीच्यांना बाजूला सारी. मित्रांनो, इतक्या घरांचा चहा माझ्यातून जात असे. माझी शिवण एकदाही उसवली नाही. कुणाच्या डाळीत दुसऱ्याचा तांदूळ मिसळला नाही. एवढा मान कुठल्या अटॅचीला तरी मिळाला असेल का?

त्या सुमाराला लालाकडे चहाची एक योजना आली. मोठ्या पुड्यावर एक छोटी स्टीलची वाटी फुकट, वाटीच्या बुडाला चहाच्या पानाचा छाप. वाट्या पुड्याला बांधलेल्या नसत. लाला त्या वेगळ्या पेटीतून काढून देई. घरी आल्यावर बाई प्रत्येकीचा चहा प्रत्येकीला पोचवीत आणि वाट्या खिशातून काढून माळ्यावरच्या डब्यात ठेवीत. अण्णासाहेबांनी एकदा विचारलं, या वाट्या त्यांच्या नाहीत का? बाई म्हणाल्या, धक्के कोण खातं? उन्हात कोण उभं राहतं? भाव कोण करतं? वाटी आणणारीची. अण्णासाहेबांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं. मला स्वतःला यात काही वावगं वाटलं नाही. ओझं माझ्या बंदांवर होतं.

वाट्या कशासाठी जमत होत्या हे मला माहीत होतं. मुलाचं, उल्हासचं, लग्न ठरलं होतं. सून वृंदा दिल्लीतच वाढलेली, बँकेत नोकरी करणारी. लग्नानंतरची पहिली संक्रांत म्हणजे नव्या सुनेचं पहिलं हळदीकुंकू, तिच्या हातून सवाष्णींना वाण द्यायचं. लग्नात खर्च झालेला, अण्णासाहेब निवृत्तीला आलेले, क्वार्टर सुटायच्या आधी गाझियाबादला डोक्यावर छप्पर करायचं होतं. तरी सुनेचं वाण हलकं दिसता कामा नये. स्टीलची वाटी म्हणजे चांगलं वाण. कुणी दिल्लीत प्लॅस्टिकची चहागाळणी देतं, कुणी नुसता साबण.

वृंदानं विचारलं होतं, आई, वाण म्हणजे गिफ्टच ना? प्रमोदिनीबाई म्हणाल्या, गिफ्ट आवडलं नाही तर कपाटात जातं. वाण नाकारता येत नाही. म्हणून जपून द्यायचं असतं.

आणि हेच त्या स्वतः विसरल्या.

हळदीकुंकवाच्या दिवशी धुकं असं होतं की समोरचा ब्लॉक दिसत नव्हता. बायका काळ्या साडीवर स्वेटर आणि स्वेटरवर शाल घालून आल्या. वृंदाला हलव्याचे दागिने घातले होते, तेही स्वेटरवरच. पोर थंडीनं कुडकुडत होती, पण चेहरा दिव्यासारखा. सगळ्या वाट्या माझ्यात भरून मला तिच्या शेजारी पाटावर ठेवलं होतं. ती कुंकू लावी, तिळगूळ देई, माझ्यात हात घाली आणि वाटी काढून ओटीत देई. मी किती ताठ बसले होते म्हणून सांगू.

चंद्रप्रभाबाईंनी वाटी घेतली, सवयीनं उलटी करून बघितली आणि तशीच धरून राहिल्या.

"वृंदा, या वाट्या कुठून गं आणल्या?"

"आईंनी वर्षभर जमवल्यात," वृंदा अभिमानानं म्हणाली.

"माझ्या बहिणीकडे गाझियाबादला अशीच आहे. हेच पान. चहाच्या पुड्यावर मिळाली म्हणाली." त्या प्रमोदिनीबाईंकडे वळल्या. "हाच चहा आपण पितो ना हो?"

खोलीत एकेक वाटी उलटी होऊ लागली. कुमुदताईंना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, वा, म्हणजे आमच्याच वाट्या आणि आम्हालाच वाण.

सगळ्यांसमोर माफी मागायची, नाहीतर हसून घालवायचं. दुसरी कुणी असती तर तिनं यातलं एक केलं असतं. प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "बसचे धक्के वाटून घ्यायला कुणी आलं होतं का?"

वाण नाकारायचं नसतं, म्हणून बायकांनी वाट्या पर्समध्ये टाकल्या. तिळगूळ घेऊन गोड बोला म्हणायच्या सणाला कुणी काही बोललं नाही. नव्या सुनेला उखाणा घ्यायला लावतात, तेही कुणी म्हटलं नाही. वृंदा मात्र उखाणा पाठ करून बसली होती. दार लागल्यावर तिनं दागिने उतरवून डब्यात ठेवले आणि सासूला एवढंच म्हणाली, मला सांगितलं असतं तर मी माझ्या पगारातून रुमाल आणले असते.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू असतं. नव्या सुनेला तर प्रत्येक घरचं बोलावणं येतं, हलव्याचे दागिने घालून तिनं मिरवायचं असतं. वृंदाला कुणी बोलावलं नाही. जिन्यात बांगड्या वाजत, अत्तराचा वास वर-खाली होई आणि आमचं दार कुणी वाजवत नसे. महिन्याच्या चहाची यादीही कुणी आणून दिली नाही. कुमुदताई कोपऱ्यावरच्या दुकानातून चहा आणताना मला खिडकीतून दिसल्या, हातात पांढरी प्लॅस्टिकची पिशवी. मी दारामागच्या खुंटीला लोंबत होते. वारा आला की भिंतीवर आपटायची, थांबायची, पुन्हा आपटायची. प्रमोदिनीबाई येता-जाता माझ्याकडे बघत, उतरवीत नसत. स्वयंपाकघरात भांडी जोरानं आदळीत. अण्णासाहेबांवर ओरडत. एकदा चप्पल घालून दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. पुन्हा गेल्या. जीव कुठे ठेवावा ते त्यांनाही कळत नव्हतं आणि मलाही.

त्यांना लोकांचं काही नव्हतं. लोक काय, बोलतात. पण वृंदा ऑफिसातून येई, मुकाट्यानं पोळ्या लाटी, आणि तो दागिन्यांचा डबा फळीवर तसाच होता. हलव्याला मुंग्या लागू नयेत म्हणून प्रमोदिनीबाई रोज त्याच्याभोवती हळद टाकीत. पोरीचा काही दोष नसताना पोरीचं वर्ष वाया चाललं होतं, आणि पहिली संक्रांत दुसऱ्यांदा येत नाही.

रथसप्तमीच्या सकाळी त्यांनी मला खुंटीवरून ओढलं. झटकलं, घडी केली आणि जिना चढू लागल्या. घडी करून मला कुणी कधी नेलं नव्हतं. मला वाटलं, संपलं, टाकून द्यायला निघाल्या.

चंद्रप्रभाबाईंनी दार उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत.

"ही पिशवी घ्या," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "पुढचा बाजार तुम्ही करा. लालाला माझं नाव सांगा, भाव तोच लावेल. वाटी पुड्याच्या मालकिणीला द्यायची, आणणारीला नाही."

चंद्रप्रभाबाईंनी माझ्या घडीकडे बघितलं, हात पुढे केला नाही.

"सून माझी आहे," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला, "पण वाट्यांची ती करणी माझी होती. तिला कशाला बाहेर ठेवता?"

मित्रांनो, मी दोघींच्या मध्ये होते. एकीनं सोडलेली, दुसरीनं न धरलेली. इतका वेळ मी कुठल्याच बसच्या रांगेत काढला नाही.

मग चंद्रप्रभाबाईंनी माझा एक बंद धरला. म्हणाल्या, "मला मेलीला भाजीवाल्याकडे कोथिंबीरसुद्धा मागता येत नाही. त्या लालाशी मी काय बोलणार? तुम्ही चला बरोबर. ओझं दोघी आणू." आणि प्रमोदिनीबाई वळल्यावर मागून, "संध्याकाळी वृंदाला पाठवा. दागिने घालून पाठवा. मी तिला उखाण्याशिवाय सोडणार नाही."

प्रमोदिनीबाई जिना उतरल्या त्या पोरीसारख्या. खाली आल्यावर मात्र अण्णासाहेबांना म्हणाल्या, चंद्रप्रभाबाईंना भाव करता येत नाही म्हणे, शेवटी मलाच जावं लागणार.

पुढची वर्षं मी दोघींच्या हातांत फिरले. वाट्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. मग अण्णासाहेब निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, आम्ही गाझियाबादला आलो. प्रमोदिनीबाई आता नाहीत. वृंदाचे केस पांढरे झालेत, आणि तिच्या मुलीला घरबसल्या फोनवर भाजी मिळते, वर मिरची-कोथिंबीर फुकट. फुकट म्हणे! कुणाच्या हातून मूठ सुटली नाही, ते कसलं फुकट?

मी सिंकखाली आहे. माझ्या पोटात प्लॅस्टिकच्या पिशव्या कोंबून ठेवल्यात, त्या सारख्या चुरचुरतात, झोप येऊ देत नाहीत. माझी शिवण अजून शाबूत आहे. बंद तेवढे कडक झालेत, त्यांना थोडं खोबरेल चोळलं तर पुन्हा वळतील. एवढं करा, मित्रांनो. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला सिंकखालून काढा, उन्हात टाका आणि बाजारात न्या. तिला बसून राहण्याची सवय नाही. जाताना शेजारणीचं दार वाजवा, तिला काय हवं ते विचारा, ती येत असेल तर घेऊन चला. आणि तिच्या सामानावर काही फुकट मिळालं, अगदी चमचाभर जरी, तर घरी जायच्या आधी तिच्या दाराशी थांबा.