फेसाची हौस

मित्रांनो, मी एक क्षार आहे. पाच लिटरच्या डब्यात दोन वर्षं काढली, म्हणजे आता जुनाच म्हणायचं. माझं नाव चतुर्थक अमोनियम क्षार. उच्चारताना जीभ अडखळली तर अडखळू दे, पण निदान डब्यावरचं लेबल तरी वाचत जा. माझा सगळा वैताग तिथूनच सुरू होतो.

कारखान्यात नायट्रोजनच्या एका अणूला कार्बनचे चार हात जोडून मला घडवलं. त्यामुळे माझ्या अंगी धनभार आला. जंतूंच्या आवरणावर ऋणभार असतो. मी तिथे जाऊन चिकटतो आणि ते आवरण फाडतो. केसांवरही थोडा ऋणभार असतो, म्हणून माझा एक चुलतभाऊ कंडिशनरच्या बाटलीत बसून केस मऊ करतो. कौतुक सगळं त्याचं. आम्ही दोघे एकाच सलूनमध्ये, एकाच फळीवर आलो.

सलूनवाला मला पाण्यात मिसळून काचेच्या बरणीत भरायचा आणि धुतलेल्या फण्या त्यात बुडवून ठेवायचा. वर्षभर माझं काम चोख चाललं. मग एक दिवस खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने बरणीकडे बघून विचारलं, "काय रे, नुसत्या पाण्यात फण्या बुचकळतोस होय?"

झालं. सलूनवाल्याच्या ते मनाला लागलं. त्याने बरणीत दोन चमचे शाम्पू ओतला. फेस आला, सुगंध सुटला. पण शाम्पूच्या अंगी ऋणभार. त्याने मला असं काही घट्ट धरलं, की आम्ही दोघेही निकामी झालो. पाणी गढूळ झालं, तेही कोणी पाहिलं नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, "आता कसं स्वच्छ वाटतं." मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण माझे चारही हात आधीच गुंतलेले.

तीन आठवड्यांनी एका गिऱ्हाइकाच्या डोक्यात गजकर्ण उठलं. मग सलूनवाल्याच्या आठ वर्षांच्या मुलीच्या डोक्यात. तिचे केस तो त्याच फणीने विंचरून कापायचा. नाण्याएवढा चट्टा पडला आणि तिथले केस गेले. ती टोपी घालून घरातच बसू लागली. शाळेचं नाव काढलं की रडायची. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला.

सलूनवाला डबा उचलून मोरीकडे निघाला. "भेसळीचं आहे हे. माझ्या पोरीचे केस घालवले याने."

"अहो, थांबा जरा," त्याची बायको म्हणाली. तिने डब्यावरची धूळ पुसली आणि लेबल वाचलं. "इथे लिहिलंय, साबण किंवा शाम्पू मिसळू नये. फणी आधी धुवा, साबण पूर्ण काढा, मग दहा मिनिटं बुडवा. तुम्ही काय घालता यात?"

तो खुर्चीत बसला.

"फेस यावा म्हणून घातला गं," एवढंच म्हणाला.

मुलीला डॉक्टरांचं औषध सुरू झालं. दोन महिन्यांनी चट्ट्यावर बारीक केस उगवले. आता खुर्चीत बसली की ती आधी विचारते, "बाबा, फणी धुतली?" तो धुतलेली फणी पुन्हा नळाखाली धरतो.

मित्रांनो, मला कौतुक नको, माझ्यावर फेसही नको. मला माझं काम करू द्या. बरणीवर आता एक कागद चिकटवला आहे, ‘यात शाम्पू घालू नये.’ अक्षर त्या मुलीचं आहे. गिऱ्हाइकं तो थांबून वाचतात आणि पोरगी हुशार आहे म्हणतात. डब्यावर हेच पहिल्या दिवसापासून छापलेलं होतं.